पाचवा माणूस आणि नानांची बंदूक

इंग्रजांचे कायदे मोडणारी माणसे आमच्या खानदेशात गावोगाव निघाली. त्यांना हार पडले, त्यांच्या मिरवणुका निघाल्या, आणि ते योग्यच झाले. पण इंग्रजांचे कायदे इंग्रजांपेक्षाही जास्त पाळून सरकारी अंमलदारांना रडकुंडीला आणणारा माणूस सबंध मुलखात एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. साक्रीच्या पलीकडे, डोंगर सुरू होतात तिथे त्यांचे गाव. गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणत असे. अंगाने काटकुळे, आवाजाने मऊ, पायाखाली मुंगी आली तर तिला आधी जाऊ देणारे. अशा माणसाजवळ बंदूक असावी ही देवाची थट्टा होती, आणि त्या बंदुकीचा परवाना असावा ही सरकारची.

बंदूक आली ती रानडुकरांमुळे. नानांचा भुईमूग दरसाल डुकरे उकरून खात, म्हणून मामलेदारापासून कलेक्टरापर्यंत अर्ज-विनंत्या होऊन त्यांना पीक राखण्यासाठी एक ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना मिळाला. परवाना इंग्रजीत. तो घेऊन नाना धुळ्यातल्या एका वकिलाच्या कारकुनाकडे गेले आणि त्यांनी त्यातले अक्षर न् अक्षर समजावून घेतले. परवानेदाराने हत्यार घेऊन जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा दुसऱ्या कोणत्याही सार्वजनिक जमावात जाऊ नये, आणि हत्यार दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये, असे कारकुनाने सांगितले. जमाव कितीपासून धरायचा, असे नानांनी विचारले. कारकुनाला जेवायला जायची घाई होती. तो म्हणाला, पाचांपासून. दुसरा कोणीही हे ऐकून घरी गेला असता. नानाही घरीच गेले, पण त्यांनी घरी जाऊन माणसे मोजली. ते स्वतः, आत्या, त्यांची म्हातारी आई आणि मुलगी गोदा. चार. नानांचा जीव भांड्यात पडला.

पाचवा माणूस मी. मी तेव्हा धुळ्याच्या कचेरीत नक्कलनवीस होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे कागद उतरवून काढायचे आणि त्यांतला एकही समजून घ्यायचा नाही, असे माझे काम. सुटीला मी आत्याकडे जाई. मी उंबऱ्यात पाय ठेवला की नाना आधी माझी विचारपूस करत, मग आत वळून मऊ आवाजात सांगत, "पाचवा ऊना व, दार लाव." आत्या निमूट उठे आणि दाराला आतून कडी घाली. दार लावले म्हणजे घर खाजगी झाले आणि सार्वजनिक जमावाचा प्रश्न मिटला, अशी त्यामागची व्यवस्था होती. वैशाखातले खानदेशातले ऊन ज्याने अनुभवले आहे त्याला बंद घरात पाच माणसांनी बसणे म्हणजे काय हे सांगायला नको. आम्ही घामाने निथळत गुळाचा चहा पीत असू आणि नाना बंदूक मांडीवर घेऊन मला पंख्याने वारा घालत असत. जमाव आपण होऊन बंदुकीकडे आला तर त्याला परवानेदार काय करणार, असे मी एकदा विचारले. माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसाने असे विचारावे याचे त्यांना वाईट वाटले. ते म्हणाले, "जमाव बंदुकजोडे ऊना काय, नि बंदूक जमावजोडे गई काय, बठ्ठं येकच शे."

डुकरांचे काय झाले, असे वाचक विचारतील. डुकरे मजेत होती. कारण डुकरे येत ती कळपाने, आणि कळप पाचांहून मोठा असे. कळप हा जमाव धरावा की नाही याबद्दल नानांच्या मनात शंका होती आणि शंका असताना बार काढणे त्यांना पटत नव्हते. त्यांनी हा प्रश्न फौजदाराला विचारला. फौजदार नवखा होता, त्याला वाटले म्हातारा आपली टर उडवतो आहे, आणि त्याने नानांना ठाण्याबाहेर काढले. मग नाना एकट्या डुकराची वाट पाहत बसू लागले. कळपातून फुटलेला एकुलगा डुक्कर एकदाच आला. त्याला पाहून नाना बाभळीवर चढले आणि बंदूक खाली राहिली. डुकराने ती हुंगली आणि तो भुईमुगाकडे गेला. बाभळीवर बसल्या बसल्या नानांना सर्वांत मोठी काळजी ही लागली होती की एवढा वेळ हत्यार दुसऱ्याच्या ताब्यात राहिले, हे कळवायचे कोणाला.

त्यांचे घर होते बाजाराच्या पटांगणालाच लागून. आठवडे बाजाराच्या दिवशी दार लावूनही भागत नसे, कारण डोंगरातून मोहाची फुले, डिंक, टोपल्या घेऊन आलेल्या बाया पाणी मागायला हक्काने आत येत आणि आत्या कोणाला नाही म्हणत नसे. म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळीच नाना बंदूक घेऊन मळ्यात जात आणि बाजार उठला की परत येत. पुढे पुढे गावाला याची इतकी सवय झाली की नानांची बंदूक वेशीबाहेर पडली म्हणजेच बाजार भरला असे बाया समजू लागल्या. एकदा नाना तापाने पडले आणि निघायला उशीर झाला, तर साऱ्या बाया टोपल्या डोक्यावरून न उतरवता पटांगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. शेवटी नाना घोंगडी पांघरून, कण्हत, बंदुकीचाच आधार घेत मळ्याकडे निघाले, तेव्हा कुठे मिरचीचा पहिला ढीग जमिनीवर पडला. आत्या या बंदुकीबद्दल फार बोलत नसे. माझ्या आईने एकदा छेडले तेव्हा ती म्हणाली, "मनी सवत शे ती. सयपाक तेवढा मीच करस."

पण खरी पंचाईत श्रावणात होई. कानबाई देवी आमच्याकडे घरोघर बसते आणि दुसऱ्या दिवशी गावोगाव एकाच वेळी वाजतगाजत नदीवर निघते. ही धार्मिक मिरवणूक, यात कसलीच शंका नव्हती. नाना मागच्या दाराने बंदूक घेऊन निसटत. एका वर्षी गाडवाटेला चिखल फार झाला म्हणून कानबाईची मिरवणूक नेमकी नानांच्या मळ्यातून वळवली. नानांना ढोल ऐकू आला. ते पुढच्या शेतात गेले. मिरवणूक त्या शेतात आली. असे एकेक शेत मागे हटत नाना पांझरेच्या काठाला पोचले, तर पलीकडच्या काठावर शेजारच्या गावची कानबाई उतरत होती. दोन्हीकडे ढोल, दोन्हीकडे बाया डोक्यावर कानबाई घेऊन नाचताहेत, आणि मधे नदीच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात आमचे नाना, बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे. दोन्ही गावांना वाटले की नानांच्या अंगात आले. बायांनी त्यांच्याच दिशेने ओवाळले. त्यांच्या डोक्यावर काय आहे हे ओळखता आले तेव्हा नाना खालच्या अंगाला बरेच वाहून गेले होते.

पुढे प्रभातफेऱ्यांचे दिवस आले आणि गोष्ट थोडी गंभीर झाली. गावात झेंडा निघाला की नाना बंदूक घेऊन डोंगराच्या दिशेने चालू लागत. फौजदाराने हे दोन-तीनदा पाहिले आणि त्याची झोप उडाली. सभा भरते आणि त्याच वेळी एक हत्यारबंद माणूस डोंगरात जातो, म्हणजे तिथे नक्कीच काही तरी शिजते आहे, असे कोणालाही वाटले असते. त्याने दोन शिपाई त्यांच्या मागावर ठेवले. शिपाई झाडाआड लपून बसले आणि नाना दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिले. दुपारी नानांनीच त्यांना हाक मारली, शेंगा दिल्या, आणि बजावले की आपण तिघे आहोत तोवर ठीक, आणखी दोघे आले तर मला उठावे लागेल. शिपायांनी हे जसेच्या तसे फौजदाराला सांगितले. फौजदाराने कपाळावर हात मारला आणि त्या दिवसापासून नाना दिसले की तो आपणच वाट बदलू लागला.

हे सगळे हसण्यावारी गेले असते. पण गोदाचे लग्न ठरले आणि आत्याच्या तोंडचे पाणी पळाले. गोदा ही नानांची एकुलती एक मुलगी. बापावर तिचा जीव, आणि बापाचे तर तिच्यावाचून पान हलत नसे. भाकरी थापावी कशी हे आईने तिला शिकवले असेल, पण पाखरांची नावे, नांगराचा तास, ढगांचा रंग हे सगळे तिने नानांच्या मागे मागे फिरून उचलले. नवरा मुलगा पाचोऱ्याचा, व्याही कापसाचे दलाल, बोलायला फटकळ पण घर चांगले. आखाजीनंतरचा, वैशाखातला दुपारचा मुहूर्त धरला. मांडव नानांच्या दारात, म्हणजे बंदुकीच्या दारात. मांडवात सारा गाव येणार, आणि बंदूक परवानेदाराच्या ताब्याबाहेर जायला नको. आता मुलीचा बाप उभा राहणार कुठे?

नानांनी यावर आधीच विचार केला होता. लग्नापुरती बंदूक साक्रीच्या ठाण्यात जमा करावी असे त्यांनी ठरवले आणि गाडी जुंपून ते गेले. तर साक्रीचा बाजार, ठाण्याच्या पायरीपर्यंत माणसे. नाना गावाला वळसा घालून परत आले. पुन्हा गेले तेव्हा ठाण्यातच बांधाच्या भांडणाचे दोन पक्ष आपापले साक्षीदार घेऊन बसले होते. नाना पुन्हा परत. तोवर हळदीचा दिवस उजाडला. कोणी सुचवले, मांडवाला दार लावा म्हणजे मांडव खाजगी होईल. सुताराने खरोखरच एक दार आणून दोन मेढींच्या मधे बसवले. नानांनी ते उघडून, लावून पाहिले. मग भिंती शोधत भोवताली फिरून आले आणि म्हणाले, "दार शे, भीत कोठे?" लग्नाच्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी नवे धोतर नेसले, गुलाबी फेटा बांधला, गोदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बंदूक घेऊन ते मळ्यात जाऊन बसले.

वऱ्हाड धुळ्यापर्यंत आगगाडीने आणि तिथून दमण्यांतून आले. बैलांच्या घुंगरांनी वेस दुमदुमली. सीमांतपूजनाला मुलीचा बाप दिसेना तेव्हा व्याह्यांनी आधी तब्येत विचारली, आणि खरे कारण ऐकल्यावर त्यांचा असा समज झाला की हा आपला अपमान करायचा एक नवाच प्रकार आहे. मुलीचा बाप मांडवात नसेल तर आमचा मुलगाही नसेल, असे त्यांनी सांगून टाकले. फौजदार पाहुणा म्हणून आला होता. त्याने मळ्यात माणूस पाठवून कळवले की बंदूक मी स्वतः ताब्यात घेतो. नानांनी उलट विचारले की फौजदारसाहेब गणवेशात आहेत की धोतरात? तो धोतरात होता. भटजी म्हणाले, कन्यादान मुलीच्या मामाने केले तरी शास्त्राला चालते. तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेली गोदा बोलली. मुंडावळ्या बांधलेल्या मुलीने बोलू नये असा रिवाज, पण ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माले बाप पाहिजे. मांडो नसना तरी चाली." आणि ती पाटावरून उठून आतल्या खोलीत गेली.

मला मळ्यात पिटाळले. नाना विहिरीच्या काठावर बसले होते. तिथून मांडवाचे हिरवे टोक तेवढे दिसत होते आणि ते त्याच्याकडे टक लावून पाहत होते. मी खरोखर संतापलो होतो. म्हटले, नाना, हे खूळ आता पुरे झाले. पोरीचे लग्न मोडते आहे. ही बंदूक विहिरीत टाका, जमिनीत पुरा, काही करा, पण चला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी फेट्याच्या शेवाने ते पुसले आणि म्हणाले, "जमावमा येक तरी येडा ऱ्हास, भाऊ. बंदुकले तेवढा पुरस."

इतकी वर्षे मी या माणसाला हसत होतो. परवाना, कलेक्टर, पाच माणसे, हे सगळे त्यांना सरकारच्या भीतीने सुचते असे मी धरून चाललो होतो. सरकारची त्यांना काडीची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती हातातल्या लोखंडी नळीची, ती गर्दीतल्या एखाद्या वेड्याच्या हाती पडण्याची, आणि माणसांची त्यांना फार माया होती. मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो.

तेवढ्यात गावाकडून धुरळा उठलेला दिसला. सगळे लग्न मळ्याकडे चालून येत होते. पुढे पिवळ्या लुगड्यात गोदा, तिच्यामागे बाशिंग सावरत नवरा मुलगा, मग आत्या, भटजी, व्याही, वाजंत्री, आणि मागे गाव. नाना ताडकन उठले आणि सवयीप्रमाणे पुढच्या शेताकडे निघाले. कानबाईच्या वेळचे मला आठवले आणि आता लग्न पांझरेत लागणार असे वाटून मी त्यांच्यामागे धावलो. पण गोदाने बांधावरच हात वर केला आणि सारी वरात थांबवली. मागे वळून तिने सांगितले, "चार-चार जन उभा ऱ्हा. मंग जमाव कसाना?"

मी पुष्कळ लग्ने पाहिली, पण असे लग्न पाहिले नाही. कापणी झालेल्या उघड्या शेतात, जिथवर नजर पोचेल तिथवर चार-चार माणसे मधे जागा सोडून उभी राहिली. चुकून पाचवा कुठे जाऊन चिकटला तर उरलेले चौघे त्याला हाकलून देत. विहिरीजवळच्या चौकडीत नवरा, नवरी, नाना आणि भटजी उभे राहिले. मग लक्षात आले की कन्यादानाला आई हवी, म्हणून शेजारच्या चौकडीतून आत्या आली आणि भटजींना तिच्या जागी जावे लागले. तिथून ते मंगलाष्टके ओरडून म्हणू लागले. अंतरपाट धरायला माणसे उरली नाहीत, तर तो एका बाजूने मोटेच्या खांबाला आणि दुसऱ्या बाजूने शेवग्याच्या फांदीला बांधला. सनईवाला एका चौकडीत, संबळवाला दूर तिसऱ्या शेतात, त्यामुळे सूर आधी आणि ताल मागाहून येत होता. अक्षता निम्म्या वाऱ्याने पलीकडे गेल्या. नानांनी डाव्या हातात बंदूक जमिनीकडे तोंड करून धरली होती आणि उजव्या हाताने कन्यादानाचे पाणी सोडले. गोदाने आपला हात त्याखाली धरला.

जेवणेही तिथेच झाली. वाढपी पुरणाच्या मांड्यांच्या परड्या घेऊन एका चौकडीतून दुसऱ्या चौकडीत धावत होते आणि आमरस पोचायच्या आत माशा पोचत होत्या. व्याह्यांच्या वाट्याला जी चौकडी आली तिच्यात एक न्हावी, एक आचारी आणि धोतरातला फौजदार होते. व्याही आधी फुरंगटून बसले, मग त्यांना हसू आले, आणि ते इतके हसले की त्यांना पाणी पाजायला पाचवा माणूस बोलवावा लागला. नानांनी लांबून ते पाहिले आणि ते तत्काळ उठून उभे राहिले.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. नानांची आई गेली, घरात दोघेच उरली, पण बंदूक आणि तिचे नियम तसेच राहिले. इंग्रज जाणार जाणार असे सगळे म्हणत होते त्या हिवाळ्यात निरोप आला की नाना गेले. मी पोचलो तेव्हा घरात, ओट्यावर, पटांगणात माणसेच माणसे होती. दार सताड उघडे होते. मागच्या दाराने मला गोदा बाहेर पडताना दिसली. बापाच्या उपरण्यात गुंडाळलेली बंदूक तिने छातीशी धरली होती. मी विचारले, कुठे निघालीस? ती म्हणाली, "घरमा गर्दी शे, दादा." आणि ती मळ्याच्या वाटेला लागली. घरात बाप निजलेला होता, पण ती तिथे थांबली नाही.

अंत्ययात्रा नदीकडे निघाली. वाट मळ्याच्या कडेने जाते. गोदा दूर बांधावर एकटी उभी होती. तिला पाहताच पुढचा एक म्हातारा थबकला, त्याने मागे पाहिले आणि हळूच म्हटले, चार-चार चला रे. एवढा थोरला लोंढा आपोआप सुटा होत गेला आणि चौघाचौघांच्या घोळक्यांनी मधे जागा सोडून शेतातून चालू लागला. खांदेकरी तर चारच असतात. गोदा बांधावरून उतरली आणि बंदूक तशीच छातीशी धरून, खांदेकऱ्यांपासून अंतर राखून, वाट वळते तिथपर्यंत बापाच्या जोडीने चालत आली. पुढे बायका जात नाहीत. तिथे फौजदार उभा होता. नवखा म्हणून आला होता तोच, आता पिकलेला, पूर्ण गणवेशात. त्याने बंदूक दोन्ही हातांनी घेतली आणि गोदाने तेव्हा कुठे तोंड झाकून घेतले.

संध्याकाळी माणसे पांगली. आत आत्या, गोदा आणि तिचा नवरा बसली होती. मी नदीवरून येऊन उंबऱ्यात पाय ठेवला. आत्या सवयीने उठली आणि दाराकडे आली. कडीला हात घातला, मग वळून तिने एकेकाकडे पाहिले. आम्ही चारच होतो. ती तशीच पुन्हा जागेवर जाऊन बसली आणि त्या दिवशी दार उघडेच राहिले.